श्रीनिवासन रमणी आणि आपले पहिले संगणकजाळे

यंदाच्या वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकाच्या इतिहासावर बोलावे, याचे काही मंडळींना नवल वाटले असेल. शुक्रवार पेठेतल्या आमच्या एका शेजाऱ्याने तर, "तुमचा आणि कम्प्युटरचा संबंध मोर्चापुरता," असे तोंडावरच सांगितले. संबंध तेवढाच असता तरी त्यावर एक व्याख्यान सहज झाले असते. कारण या देशात संगणक आला तो आधी प्रयोगशाळेच्या दाराने आणि मग कचेरीच्या दाराने, आणि कचेरीच्या दारात त्याची पहिली गाठ पडली ती कामगार संघटनेशी. परंतु आज आम्हांला मोर्चाची हकीकत सांगावयाची नाही. ज्यांच्या विरुद्ध आम्ही घोषणा दिल्या असे आम्हांला वाटत होते, ती माणसे प्रत्यक्षात काय करीत होती, हे सांगावयाचे आहे. त्यांतल्या एकाचे आयुष्य विशेष सांगण्याजोगे आहे. यंत्राला बुद्धी देता येईल काय, या प्रश्नापासून त्याने सुरुवात केली, आणि पुढे यंत्राला यंत्राशी बोलावयास लावण्यात उमेदीची वर्षे घालविली. त्याचे नाव श्रीनिवासन रमणी.

रमणींकडे येण्यापूर्वी त्यांच्या गुरूकडे गेले पाहिजे. प्रा. आर. नरसिंहन हे १९२६ साली जन्मलेले मद्रासकडचे गृहस्थ. गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांनी दूरसंचार अभियांत्रिकीची पदवी घेतली. अमेरिकेत जाऊन वीज अभियांत्रिकी आणि त्यापुढे गणितात डॉक्टरेट असे शिक्षण केले. आणि १९५४ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. होमी भाभांची ही संस्था. अणूचे गणित करावयाचे तर आकडेमोड अफाट, आणि ती करणारे यंत्र विकत घ्यावयाचे तर परकीय चलन नाही. तेव्हा यंत्र आपणच बांधावयाचे ठरले. ज्या गटाने ते बांधावयास घेतले, त्यात बहुतेक पदार्थविज्ञान आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले तरुण; संगणक हाताळण्याचा अनुभव जवळजवळ कोणालाच नाही. १९५६ च्या अखेरीस त्यांचे नमुना यंत्र चालू झाले. मोठे यंत्र १९६० साली कामाला लागले, आणि १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले.

या टिफ्रॅकविषयी थोडे सविस्तर सांगितल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच असे ते पोलादी कपाट होते. आत २७०० निर्वात नळ्या, १७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रोध. त्याची स्मृती २०४८ शब्दांची आणि प्रत्येक शब्द ४० अंकांचा. म्हणजे सुमारे ८२ हजार इवल्या इवल्या चुंबकी कड्या. त्या काळी अशा स्मृतिफलकातली प्रत्येक कडी उभ्या-आडव्या तारांच्या छेदावर हाताने ओवावी लागे. ताणा आणि बाणा यांच्या छेदावर ज्यांचे पोट आहे अशा या गावाला हे काम काय असते ते समजावून सांगावयास नको. आजच्या साध्या टेलिफोनमध्ये याच्या लाखो पट स्मृती असते, तेव्हा टिफ्रॅकला हसणे सोपे आहे. हसणारे एक विसरतात. बाहेरून आणलेले यंत्र बिघडले की कंपनीचा माणूस येईपर्यंत हात जोडून बसावे लागते. स्वतः बांधलेले यंत्र बिघडले की आपण शिकतो. १९६४ साली टाटा संस्थेत सीडीसी ३६०० नावाचा मोठा अमेरिकन संगणक आला आणि टिफ्रॅकचे दिवस सरले. पण ते बांधताना जी माणसे घडली ती सरली नाहीत.

स्वतः नरसिंहन १९६१ ते १९६४ अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात होते. परमाणूंचे कण एका द्रवातून जाताना बुडबुड्यांच्या रेषा उमटवितात. त्यांची छायाचित्रे हजारोंनी निघत, आणि ती डोळ्यांनी तपासता तपासता माणसे थकत. ते काम यंत्राने करावे, असा तेथे उद्योग चालू होता. नरसिंहन यांनी येथे एक वेगळाच विचार मांडला. वाक्याला जसे व्याकरण असते तसे चित्रालाही असते. रेषा, टोके, फाटे हे त्याचे शब्द, आणि ते कसे जुळतात हे त्याचे नियम. यंत्राला हे व्याकरण शिकवा, मग ते चित्र वाचील. चित्र ओळखण्याच्या शास्त्रात या पद्धतीच्या आद्य पुरस्कर्त्यांत त्यांचे नाव घेतले जाते. कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्दप्रयोग तोवर जेमतेम आठ-नऊ वर्षांचा झाला होता; १९५६ साली डार्टमथ येथे भरलेल्या मेळाव्यासाठी जॉन मॅकार्थी यांनी तो योजिला. मायदेशी परतल्यावर नरसिंहन यांनी मूल भाषा कसे शिकते, बोलणे आणि वागणे यांचा संबंध काय, या प्रश्नांत लक्ष घातले आणि अखेरपर्यंत ते सोडले नाही. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष. १९७७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ साली ते वारले.

रमणी या गटात आले ते १९६४ साली, अभियांत्रिकी शिकलेला पंचविशीतला तरुण म्हणून. पवईच्या आयआयटीतून त्यांनी डॉक्टरेट केली, तीही कृत्रिम बुद्धिमत्तेत. त्या काळी या देशात हा विषय घेऊन डॉक्टरेट करणे म्हणजे नोकरीची आशा सोडणेच होते, असे आम्हांला वाटते. बाहेरही वारे काही अनुकूल नव्हते. १९७३ साली इंग्लंडात सर जेम्स लाइटहिल यांनी या शास्त्राने दिलेली वचने पाळली नाहीत असा अहवाल दिला, आणि तिकडे पैशाचा ओघ आटला. मुंबईत मात्र याच सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने टाटा संस्थेत राष्ट्रीय सॉफ्टवेअर विकास केंद्र उभे राहत होते. नरसिंहन त्याचे प्रमुख होते. १९८५ साली हे केंद्र स्वतंत्र झाले, 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी', एनसीएसटी, या नावाने. आणि रमणी त्याचे संचालक झाले. जुहूची ही संस्था पंधरा वर्षे त्यांच्या हाताखाली होती.

आता त्याच काळात कचेऱ्यांत काय चालले होते ते पाहू. ही दुसरी बाजू सोडून दिली तर आम्ही आमच्याच बिरादरीशी बेइमान ठरू.

आयुर्विमा महामंडळाने संगणक मागविले तेव्हा कलकत्त्याच्या इलाको हाउसमध्ये ते बसू नयेत म्हणून विमा कर्मचाऱ्यांनी १९६६-६७ च्या सुमारास रात्रंदिवस पहारा ठेवला. वर्तमानपत्रांनी त्यांना यंत्रद्वेष्टे म्हटले. सरकारने १९६९ साली स्वयंचलनावर एक समिती नेमली आणि अध्यक्षपद दिले आपल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकर यांना. समितीचा अहवाल १९७२ साली आला. बेकारीने गांजलेल्या देशात माणूस हटविणारे यंत्र कोठे आणावे आणि कोठे आणू नये, हे पारखून ठरवावे, सरसकट नको, असा त्या चर्चेचा रोख होता. बँकांत तर १९८३ च्या सप्टेंबरात झालेल्या करारानंतरच संगणकांना मर्यादित वाट मिळाली. हा करार वाचण्याजोगा आहे. त्यात यंत्राला नकार नाही. किती यंत्रे, कोणत्या कामाला, आणि त्यांवर बसणाऱ्याला काय जादा मिळेल, याची बोलणी आहेत.

येथे एक जुनी हकीकत आठवते. आमच्या पूर्व भागात चादरीवर फुले उमटतात ती जकार्डमुळे. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते. भोक असेल तेथे हूक जातो, नसेल तेथे अडतो, आणि त्याप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जातात. फ्रान्सातल्या ल्यों शहरच्या जोसेफ जकार्डने १८०४ च्या सुमारास ही युक्ती सिद्धीस नेली. तिच्यावरून इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने गणिताच्या यंत्राला पुठ्ठ्याने हुकूम देण्याची कल्पना घेतली. पुढे अमेरिकेच्या १८९० च्या शिरगणतीत हॉलरिथने माणसांची माहिती भोकांच्या पत्त्यांवर मोजून दाखविली, आणि सीडीसी ३६०० च्या पोटात कार्यक्रम घालावयाचे तेही अशाच पत्त्यांवरून. म्हणजे टाटा संस्थेच्या संगणकाचा आणि सोलापूरच्या चादरीचा आजा एकच.

सर्व पुस्तकांत एवढे असते. पुस्तकांत जे सहसा नसते ते असे : १८३१ साली ल्योंच्या विणकरांनी बंड केले, शहर काही दिवस ताब्यात घेतले, तेव्हा त्यांची मुख्य मागणी जकार्ड फोडण्याची नव्हती. विणलेल्या मालाला किमान दर बांधून द्या, ही होती. दर ठरला, व्यापाऱ्यांनी तो पाळण्यास नकार दिला, आणि मग दगड उचलले गेले. इलाको हाउसच्या पहाऱ्याकडे आणि १९८३ च्या कराराकडे याच नजरेने पाहावे असे आमचे मत आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांनी कराराची कलमे वाचावीत आणि मग बोलावे.

असो. रमणींकडे परत येऊ.

कृत्रिम बुद्धिमत्तेतला हा माणूस जाळ्याकडे का वळला? आम्हांला याचे उत्तर त्याच्या परिस्थितीत दिसते. मुंबईत बसून जो संशोधन करतो त्याचे सहकारी दिल्ली, कानपूर, बंगलोर आणि अमेरिका येथे पसरलेले. पत्राला परदेशातून उत्तर यावयास आठवडे लागत. ट्रंक कॉल लावून बसावे तर आवाज येईल याची खात्री नाही. घरी टेलिफोन मिळावा म्हणून लोक वर्षानुवर्षे यादीत असत. अशा देशात एकटा संगणक म्हणजे एकटा शिकवणीचा मास्तर. तो हुशार असेल, पण शाळा होत नाही.

१९८२ साली लंडनला संगणक-संपर्कावरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेथे रमणी आणि रिचर्ड मिलर या दोघांनी एक निबंध मांडला. त्यातली कल्पना आम्हांला फार आवडते, म्हणून ती नीट सांगतो. दळणवळणाचे उपग्रह साधारणतः ३६ हजार किलोमीटर उंचीवर एका जागी स्थिर दिसतील असे ठेवतात. ते महाग, आणि त्यांच्याशी बोलावयास मोठी यंत्रणा लागते. रमणी-मिलर म्हणाले, आपणांस तोंडातोंडी बोलावयाचे नाही, निरोप पाठवावयाचा आहे. मग एक छोटा उपग्रह खालच्या कक्षेत विषुववृत्तावरून फिरता ठेवा. तो दिवसातून बारा-तेरा वेळा प्रत्येक गावावरून जाईल. मुंबईवरून जाताना निरोप उचलील, पोटात ठेवील, आफ्रिकेवरून जाताना खाली टाकील. निरोप पोहोचावयास तास-दोन तास लागले तर बिघडते कोठे? पूर्वीच्या डाकेचा हरकारा तो हाच, फक्त आभाळातला. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना जे देश आहेत ते बहुतेक गरीब. त्यांच्यासाठी त्यांच्या ऐपतीचे साधन काढावे, ही त्यात दृष्टी होती. श्रीमंतांचे यंत्र उसने आणून आपल्या गळ्यात बांधण्यापेक्षा आपली गरज आधी पाहणे, ही गोष्ट आमच्या विद्वानांत विरळा आढळते. असा खास उपग्रह काही तेव्हा उडाला नाही. पण निरोप साठवून पुढे देणाऱ्या छोट्या उपग्रहांचे प्रयोग त्याच दशकात इंग्लंडातून झाले.

हे १९८२ साल. त्याच वर्षीच्या १८ जानेवारीला मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांनी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. एकाच शहरात एकीकडे गिरण्यांचे भोंगे बंद पडत होते, आणि दुसरीकडे आभाळातल्या हरकाऱ्याचे गणित चालले होते. या दोन मुंबया एकमेकींना ओळखत नव्हत्या. दोष कोणाचा हे आम्ही ठरवीत नाही. नोंद मात्र करतो.

१९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने, पुन्हा संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने, 'एर्नेट' नावाची योजना सुरू केली. शिक्षण आणि संशोधन यांसाठी जाळे, असा त्या नावाचा अर्थ. आरंभी आठ ठिकाणे होती : दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील पाच आयआयटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, रमणींची एनसीएसटी, आणि खुद्द खाते. आमच्या सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ सालीच सुरू झाली होती. परंतु जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजाची पाळी त्या पहिल्या यादीत कोठून यावी! ही तक्रार नव्हे. आठ ठिकाणे जोडतानाच लोकांच्या नाकी नऊ आले.

पहिला दुवा जुळला तो एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये, १९८६-८७ मध्ये. रीत साधी होती. एक संगणक दुसऱ्याला साध्या टेलिफोनवरून क्रमांक फिरवी. मध्ये मोडेम नावाची पेटी अंकांचे सूर करी आणि पलीकडची पेटी सुरांचे पुन्हा अंक करी. साठलेली पत्रे इकडची तिकडे जात, आणि टेलिफोन खाली ठेवला जाई. त्या काळच्या साध्या मोडेमची चाल सेकंदाला १२०० बिट, म्हणजे सव्वाशे-दीडशे अक्षरे. मध्येच ओळ तुटली की पुन्हा आरंभ. मुंबईचे टेलिफोन १९८६ च्या एप्रिलमध्ये महानगर टेलिफोन निगमकडे गेले होते, पण जमिनीखालच्या केबली त्याच जुन्या होत्या, आणि पावसाळा त्यांना पाळण्यातून ओळखत होता. शिवाय १८८५ चा तार कायदा उभा. इंग्रजांनी केलेल्या त्या कायद्याने तारेवरून निरोप नेण्याचा हक्क एकट्या सरकारचा ठरविलेला. दोन संस्थांनी आपसांत तिसऱ्याची पत्रे ने-आण करावयाची म्हटली तरी परवानगीचा प्रश्न येई. रमणींच्या पिढीने जाळे विणले ते केवळ तारांचे नव्हे. खाती, मंत्रालये आणि टेबले यांतूनही त्यांना धागा ओवावा लागला, आणि त्या कामाला पारितोषिक नसते.

जाळ्यातून पत्र कसे जाते, हे आमच्या श्रोत्यांपैकी ज्यांची ट्रान्सपोर्टशी गाठ आहे त्यांना चटकन कळेल. बारा गाठी माल कलकत्त्याला पाठवावयाचा आहे. एकच मालमोटार मिळेपर्यंत थांबण्यापेक्षा प्रत्येक गाठीवर पत्ता आणि अनुक्रमांक घालून, जी गाडी मिळेल तिच्यावर चढवून द्यावी. कोणी नागपुरावरून जाईल, कोणी हैद्राबादेवरून. पलीकडचा माणूस बिल्टीप्रमाणे क्रमांक लावून घेईल, आणि सातवी गाठ आली नाही तर तेवढीच पुन्हा मागवील. १९६९ साली अमेरिकेत अर्पानेट याच तत्त्वावर सुरू झाले. गाठी बांधण्याचे आणि मोजण्याचे सर्वांना चालतील असे नियम व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ साली मांडले. आणि १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटवर तेच लागू झाले. या नियमांना टीसीपी-आयपी म्हणतात. त्या वेळी युरोपातल्या सरकारी तज्ज्ञांची दुसरी एक नियमावली होती, कागदावर अधिक नेटकी. एर्नेटने सुरुवातीस दोन्हींना जागा ठेवली. नव्वदीच्या मध्यापर्यंत साध्या आणि चालत्या नियमांचा जय झाला. समितीने केलेला नियम आणि कामातून निघालेला नियम यांच्यात कोणता टिकतो, हे आम्ही संघटनेच्या घटनेवरूनही सांगू शकलो असतो.

बाहेरच्या जगाशी जोडणारा दरवाजा एनसीएसटीतच होता. १९८९ सालच्या सुमारास तेथून अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यापर्यंत भाड्याची कायम ओळ मिळाली. तिची चाल सेकंदाला ९६०० बिट. म्हणजे बाराशे अक्षरे. वहीचे एक पान म्हणा. या एका पानाच्या रुंदीच्या वाटेने एर्नेटची परदेशची पत्रे जात-येत होती. त्याच वर्षी मे महिन्यात जगाच्या पत्त्यांच्या पुस्तकात भारताचे 'डॉट इन' हे आडनाव नोंदले गेले, आणि त्याची वही सांभाळण्याचे काम एनसीएसटीकडे आले. २००५ च्या आरंभी ते दुसऱ्या संस्थेकडे जाईपर्यंत ही वही तेथेच होती. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते विदेश संचार निगमने, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या दिवसाचे सोहळे पुष्कळांच्या स्मरणात आहेत. त्यामागची नऊ वर्षे थोड्यांना ठाऊक आहेत.

या सर्व खटपटीत रमणींनी आपला पहिला विषय सोडला होता काय? नाही. १९८६ सालीच ज्ञानाधिष्ठित संगणकाची एक राष्ट्रीय योजना निघाली होती. जपानने १९८२ साली पाचव्या पिढीच्या संगणकाचा मोठा गाजावाजा केला, त्याचा तो पडसाद. एनसीएसटी तिचे एक केंद्र होते. तेथे 'विद्वान' या नावाचा एक सांगाडा तयार झाला. सांगाडा अशासाठी म्हणावयाचे की त्यात ज्ञान नव्हते, ज्ञान भरण्याची जागा होती. जाणत्या माणसाला विचारून 'असे असेल तर तसे' या घाटाचे नियम त्यात भरावयाचे. मग नवखा माणूस प्रश्न विचारील आणि यंत्र नियमांवर नियम लावून उत्तर काढील. इंग्रजी मजकुराचे हिंदीत भाषांतर यंत्राने करण्याचे प्रयत्नही याच संस्थेत पुढे झाले.

'विद्वान'च्या जातीच्या यंत्रांविषयी वाचताना आम्हांला गिरणीतला जॉबर आठवतो. खात्यात पाऊल टाकल्याबरोबर आवाजावरून तो सांगे, अमक्या मागाचा धोटा बरोबर बसत नाही. हे ज्ञान त्याच्या कानात होते, कोणत्याही रजिस्टरात नव्हते. आणि मालक त्याला वचकून असे तो यासाठीच. त्याला शेजारी बसवून, चहा पाजून, त्याच्या कानातले पाचशे नियम कोणी उतरवून घेतले, तर उद्या त्याला वचकण्याचे कारण उरत नाही. त्या पाचशे नियमांवर मालकी कोणाची, हा प्रश्न त्या काळच्या एकाही संशोधकाने विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. आमच्या संघटनांनीही विचारला नाही. आम्ही यंत्रांचे नग मोजीत बसलो होतो.

रमणी पुढे बंगलोरला एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले आणि त्यानंतर तेथल्याच माहिती तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन करीत होते. २००३ साली एनसीएसटी ही पुण्याच्या सी-डॅकमध्ये विलीन झाली. जुन्या नावाची पाटी उतरली. २०१४ साली 'इंटरनेट हॉल ऑफ फेम' या जागतिक नामावळीत रमणींचा समावेश झाला, तो जाळ्यासाठी, बुद्धिमत्तेसाठी नव्हे.

गंमत अशी की त्यांच्या आयुष्यातली ही दोन कामे खरी एकत्र आली ती ते दोन्हींतून बाजूला झाल्यावर. नरसिंहन आणि रमणी यांची पिढी यंत्राला नियम शिकवीत होती. आजची यंत्रे नियम शिकत नाहीत. अब्जावधी वाक्ये त्यांच्यासमोर ठेवली जातात आणि त्यांतून ती आपापली वीण उचलतात. ही अब्जावधी वाक्ये आली कोठून? जाळ्यातून. जगभरच्या माणसांनी पंचवीस-तीस वर्षे जाळ्यावर जे लिहिले, तोच कच्चा माल. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांपुढे आले तेव्हा गावोगाव चर्चा झाली ती यंत्राच्या हुशारीची. सूत कोणी कातले याची नाही. त्या सुतात मराठीचे धागे फार थोडे, कारण मराठीत जाळ्यावर लिहिणाराच उशिरा आला.

नियमांच्या त्या जुन्या यंत्रांत एक गुण होता, तो मात्र नव्यांत नाही. १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात 'मायसिन' नावाचे यंत्र झाले होते. रक्तातल्या जंतुसंसर्गावर कोणते औषध द्यावे हे ते डॉक्टरांना सुचवी. त्याला मध्येच थांबवून 'का?' असे विचारता येई, आणि ते सांगे, की मी अमुक नियम लावीत आहे, म्हणून हा प्रश्न विचारला. त्या वंशातल्या यंत्रांनी ही सोय पुढे बहुतेक ठेवली. डॉक्टर कारणाशिवाय सल्ला ऐकणार नाहीत, हे करणाऱ्यांनी ओळखले होते.

गेल्या वर्षी आमच्या कचेरीत मोटारसायकलवरून घरपोच जेवण देणारा एक पोरगा आला. त्याच्या टेलिफोनमधले यंत्र एका आठवड्यापासून त्याला कामच देईना. कंपनीच्या मदतीच्या क्रमांकावर जे बोलत होते तेही यंत्रच. पोरगा आम्हांला म्हणाला, "काका, माझी चूक असेल तर सांगा ना. पण सांगायला कुणीतरी पाहिजे की नको?" आम्ही पस्तीस वर्षांत मुकादम, फोरमन, मॅनेजर यांच्याशी भांडलो, त्यांतला प्रत्येक जण खोटे का होईना, पण कारण देत असे.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची व्याख्या प्रथमच आली. राजस्थानने २०२३ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. २०२४ साली युरोपीय संघाने असा निर्देश काढला की यंत्राने घेतलेल्या निर्णयाचे कारण कामगाराला मागता आले पाहिजे, आणि उत्तर माणसाने दिले पाहिजे. शेजारच्या कर्नाटकाने २०२५ साली कायदा केला आहे. काम वाटणारे आणि काम करणाऱ्यावर नजर ठेवणारे यंत्र कसे चालते हे कामगाराला कळले पाहिजे, असे कलम त्यात आहे. आम्ही ते कलम मराठीत उतरवून छापून घेतले आहे आणि आमच्या मागणीपत्रात पहिल्या क्रमांकावर घातले आहे. विजापूर येथून शंभर किलोमीटरवर आहे.